भिंत आधी, पाणी मागून

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

शुक्रवार पेठ, सोलापूर
बुधवार, ता. ११ मे १९७७

ती. रेवणप्पा अण्णांस,
धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

आधी एवढं वाचा, मग बाकीचं. मी धडधाकट आहे, कुठं खरचटलेलंसुद्धा नाही. घराचं मात्र तसं म्हणता येत नाही.

सोमवारी दुपारी वळवाचं वादळ झालं. या पेठेत लग्न होऊन आल्याला पंचवीस वर्षं झाली, असं वारं मी पाहिलं नव्हतं. मिलचा चारचा भोंगा व्हायच्या आत स्वयंपाकघरावरचे चार पत्रे उडून गेले. मी नेसत्या लुगड्यानिशी शेजारच्या शरणम्माकडं पळाले. वरनं पाऊस सरळ स्वयंपाकघरात. स्वयंपाकघर आणि पुढचा सोपा यांच्यामधली मातीची भिंत माथ्याकडनं भिजत गेली आणि साडेपाचच्या सुमारास धाडदिशी सोप्यात आडवी झाली. सोप्यावरचं माळवदाचं मातीचं छत शाबूत आहे, त्याच्या तुळया बाजूच्या भिंतींवर आहेत म्हणून. एवढ्यावर भागलं नाही. दिवेलागणीला गल्लीतलं गटार तुंबून पाणी दारातून आत आलं. वीतभरच होतं, पण घाण म्हणाल तर बोलायची सोय नाही. चटणीसाठी आणलेली शेंगदाण्याची दोन पोती गेली.

आता माझा शहाणपणा ऐका. इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. गटार शिरलेल्या घरात पूजेला बसायचं कसं? म्हणून मंगळवारी उजाडता उजाडता शरणम्माला हाताशी घेतलं आणि ढिगारा सोडून सगळं घर खरवडून काढलं. गाळ बाहेर टाकला, शेणानं सारवलं, भिंतींना खालून कंबरेइतका चुना फासला. मग पूजा केली, दोन घास खाल्ले आणि छत्री घेऊन सात रस्त्याला विम्याच्या कचेरीत गेले.

आमचे हे हयात असतानाच त्यांनी घराचा विमा उतरवला होता, गेल्या वर्षी मी तो माझ्या नावावर करून घेतला. कचेरीत पंचाक्षरी नावाचे साहेब आहेत, माणूस मऊ बोलतो. त्यांनी कागद वाचून समजावलं. विमा घराच्या बांधकामाचा आहे, आतल्या सामानाचा नाही. आगीखेरीज वादळाची जोखीम जादा हप्ता देऊन घेतलेली आहे, पुराची घेतलेली नाही. न घेणारी मीच. गेल्या वर्षी त्यांनी विचारलं होतं, तेव्हा मी हसून म्हणाले होते, शुक्रवार पेठेत कसला आलाय पूर. आता प्रश्न एवढाच की भिंत कशानं पडली. वाऱ्यानं छप्पर उघडं केलं आणि त्या वाटेनं आलेल्या पावसानं भिंत पडली, तर ते वादळाचं नुकसान, पैसे मिळतील. दारातून आलेल्या पाण्यानं पाया भिजून पडली, तर ते पुराचं, एक पैसा नाही. पुण्याहून सर्वेअर येऊन ठरवणार.

पंचाक्षरींनी विचारलं, पाण्याची रेघ भिंतीवर उमटली असेल की, केवढी उंच आहे. मी म्हणाले, तीवरच सकाळी चुना मारून आले. त्यांनी कपाळाला हात लावला. वीतभर पाण्यानं भिंत पडत नाही हे त्या रेघेनंच सांगितलं असतं. आता पाणी किती होतं याला माझ्या शब्दाखेरीज पुरावा नाही.

तरी मी सोडणार नाही. हे घर उभं राहिलं तर मी माझ्या उखळात माझी चटणी कुटून खाईन. वहिनी गेल्यापासून तुमचं जेवण वेळेवर होतं का? खरं लिहा. लोभ आहेच, तो उणा होऊ देऊ नका.

आपली,
महानंदा

---

॥ श्री ॥

नातेपुते
शनिवार, ता. १४ मे १९७७

चि. महानंदा हिस,
रेवणप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू वाचलीस हे सिद्धरामेश्वराचे उपकार. पण उपाशीपोटी घर सारवून पुरावा पुसणारी बाई आपल्याच घराण्यात निपजायची. लहानपणी पाटीवरचं गणित मास्तरांनी बघायच्या आत पुसायचीस, तीच तू.

आता थोरल्या भावाचं ऐक. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, त्यात विम्याची कचेरीपण धर. ते लोक हप्ता घेताना जावई आणि द्यायच्या वेळी सावकार. अगदीच भांडायचं असेल तर पाणी आलंच नाही म्हणून सांग, रेघ नाही तर पाणी नाही. पण माझं मत विचारशील तर भांडूच नकोस. एका बाईमाणसाला एवढं घर हवंय कशाला? इथं दुकानामागची खोली मी रिकामी करून घेतली आहे, खिडकी पूर्वेला आहे. उखळ आण, मुसळ आण, नातेपुत्याच्या बाजारात तुझी चटणी लई खपेल.

बुधवारी आपला ट्रक सोलापूरला मार्केट यार्डात माल घेऊन येतोय. संगप्पा ड्रायव्हर आणि दोन हमाल तुझ्याकडं पाठवतो. तासाभरात ते ढिगारा उचलून बाहेर टाकतील, मग सामान भरून तूही त्याच ट्रकनं ये. दार ओढून कुलूप लाव, पुढचं पुढं बघू.

माझ्या जेवणाची काळजी नको. जेवतो. बाकी क्षेम. इकडं यायची तयारी ठेव म्हणजे माझ्या जिवाला बरं.

तुझा,
रेवणप्पा

---

(पोस्टकार्ड)

सोलापूर
सोमवार, ता. १६ मे १९७७

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

तातडीनं लिहिते. सर्वेअर शुक्रवारी २० तारखेला येणार असं पंचाक्षरी सांगून गेले. बाकी सगळं मी धुऊन टाकलं, आता जे काही कळायचं ते त्या ढिगाऱ्यावरूनच कळेल, त्याचं एक ढेकूळही हलवू नका असं त्यांनी बजावलं आहे. ढिगारा गेला तर माझा दावा गेला. तेव्हा बुधवारी माणसं पाठवू नका. पाणी आलं नाही असं मी सांगणार नाही, साऱ्या गल्लीनं लुगडी गुडघ्यापर्यंत खोचलेली आहेत. राग नसावा.

महानंदा

---

सोलापूर
गुरुवार, ता. १९ मे १९७७

ती. रेवणप्पा अण्णांस,
महानंदाचा सा. न. वि. वि.

काल दुपारी तुमचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला आणि तिघं जण फावडी-घमेली घेऊन दारात आले. माझं कार्ड वेळेवर पोचलं नसणार, टपालाचा काय भरवसा.

मी त्यांना सांगून पाहिलं. हमाल म्हणाले, मालकांचा हुकूम आहे, ढिगारा उचलल्याशिवाय परत गेलो तर आमची धडगत नाही. मग काय करते? पाट घेतला, ढिगाऱ्यावर टाकला आणि वर जाऊन बसले. म्हटलं, उचलायचा तर मला धरून उचला. शरणम्मा तोंडाला पदर लावून हसत होती. गल्लीतली पोरंटोरं जमली. अर्धा तास झाला तसा त्यांनाच संकोच वाटला. मग खाली उतरले, तिघांना ज्वारीची भाकरी, डाळकांदा आणि उरलीसुरली चटणी वाढली. पोटभर जेवून गेले बिचारे. त्यांना बोल लावू नका.

एक चांगलं झालं. उडालेल्या पत्र्यांपैकी एक सापडला. पलीकडच्या वस्तीत ईश्वर म्हणून आहेत, मिलमध्ये दुसऱ्या पाळीला असतात. त्यांच्या अंगणात तो पडला होता. ते आणि त्यांच्या मीनाबाई हातगाडीवर घालून परत द्यायला आले. ईश्वरभाऊ सांगत होते, चारच्या भोंग्याआधी ते कामावर जायला सायकल बाहेर काढत होते, तेवढ्यात पत्रा समोर आदळला. हातभर पुढं असते तर गेले असते. मी विचारलं, हे सर्वेअरसमोर सांगाल का? म्हणाले, सांगेन की, खरं सांगायला काय जातंय. म्हणजे पत्रे चारच्या आत उडाले हे आता माझ्या एकटीच्या तोंडचं राहिलं नाही.

उद्या सर्वेअर. देवाला काही मागितलं नाही, त्याचं काम त्याला ठाऊक आहे. तुमचा आशीर्वाद तेवढा पाठीशी असू द्या.

आपली,
महानंदा

---

नातेपुते
शनिवार, ता. २१ मे १९७७

चि. महानंदास आशीर्वाद.

तुझं कार्ड गुरुवारी हातात पडलं. ट्रक बुधवारी गेला. मला काय स्वप्न पडणार होतं?

चार लोकांत माझी माणसं रिकाम्या हातानं परत पाठवलीस. हमाल अजून तुझी गोष्ट सांगताहेत, सगळा बाजार हसतोय. थोरल्या भावानं खोली करून ठेवली, त्याची ही किंमत. पाटावर बसून आख्ख्या पेठेला तमाशा दाखवण्यापेक्षा भावाच्या घरी चार घास खाणं कमीपणाचं वाटलं होय? तुझं तू बघ. मी आता मध्ये पडत नाही.

रेवणप्पा

---

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
बुधवार, ता. ८ जून १९७७

ती. रेवणप्पा अण्णांस,
हट्टी बहिणीचा सा. न. वि. वि.

तुमचा राग निवायला अठरा दिवस दिले, आता पुरे. सांगण्याजोगं काही हाती आल्याशिवाय लिहायचं नाही असंही ठरवलं होतं. आता आलं आहे, म्हणून पहिल्यापासून सांगते.

सर्वेअर त्या शुक्रवारी दहा वाजता आले. तरणाच माणूस, जाड चष्मा, बोलायला रोखठोक. पंचाक्षरी बरोबर होते. सर्वेअरनी चुना मारलेल्या भिंती पाहिल्या आणि म्हणाले, बाई, तुम्ही माझं काम अवघड करून ठेवलंत. मी म्हणाले, माझंही. ईश्वरभाऊ पाळी बदलून आले होते. त्यांनी भोंग्याचं आणि पत्र्याचं सांगितलं, ते साहेबांनी लिहून घेतलं. पण मग म्हणाले, यावरून छप्पर आधी गेलं एवढंच ठरतं. भिंत पाणी यायच्या आधी पडली की नंतर, हे कोण सांगणार? शरणम्मा पुढं झाली. तर म्हणाले, शेजारी नेहमी शेजाऱ्याच्या बाजूनंच बोलतात, तो काही पुरावा नव्हे. मला राग आला. शरणम्मा खोटं बोलणारी बाई नाही.

मी सांगितलं, ढिगारा उचलून बघा. पाणी आधी आलं असेल तर ढिगाऱ्याखाली गाळ सापडेल. भिंत आधी पडली असेल तर खाली माझी सारवलेली जमीन असेल. हे मला आदल्या रात्री पडल्या पडल्या सुचलं होतं, पण खात्री कुठं होती? गाळ ढिगाऱ्याखाली झिरपत गेला असेल तर मीच माझ्या हातानं माझा दावा बुडवत होते. तरी मी पदर खोचला आणि पहिलं ढेकूळ मीच उचललं. मग साहेबांनीही बाह्या सारल्या.

कडेची माती काळी, गटाराच्या वासाची निघाली. मधोमध भिंतीचा एक मोठा तुकडा पडल्या पडल्या अखंड राहिला होता, परातीएवढा. ईश्वरभाऊंनी आणि साहेबांनी तो दोन बाजूंनी धरून उलटला. त्याच्या पोटाला माझी रांगोळी चिकटलेली होती. उलटी, पण ठिपका न ठिपका धड. खाली जमिनीवर तिचाच फिकट ठसा, आणि गाळाचा मागमूस नाही.

त्या सोमवारी सकाळी मठाचे स्वामी पाद्यपूजेला आले होते. त्यांच्या पाटाभोवतीची रांगोळी मी संध्याकाळपर्यंत मोडत नाही, कुणाला ओलांडूही देत नाही. भिंत नेमकी तिच्यावर पडली. साहेब तिच्याजवळ उकिडवे बसले. मग म्हणाले, की दारातून वीतभर वाहतं पाणी एकदा इथून गेलं असतं, तर ही रांगोळी मला दिसली नसती. भिंत आधी, पाणी मागून. फोटो काढला, मापं घेतली.

पुढं त्यांनी दाराची फुगलेली चौकट दाखवून विचारलं, हीसुद्धा वादळातली का? पंचाक्षरी माझ्याकडं बघत होते. मी सांगितलं, ती पाण्यानं फुगली, ती यात धरू नका. तुम्ही आता तिकडं कपाळ बडवून घ्याल. पण ज्या माणसानं माझा शब्द एवढा तपासून खरा केला, त्याला लगेच खोटं कशी सांगू? चौकट मी चटणी विकून बदलीन.

काल मंजुरीचं पत्र आलं. भिंत आणि पत्रे, दोन्ही मिळाले. परवापासून गवंडी येणार. माझं घर उभं राहतंय, अण्णा, आणि मी त्यातच राहणार आहे. आता तरी दोन ओळी लिहा. माझ्यावरचा राग खर्चून टाका, माया शिल्लक ठेवा.

आपली,
महानंदा

---

॥ श्री ॥

नातेपुते
रविवार, ता. १२ जून १९७७

चि. महानंदा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. दुकानात मुनीम सिद्धप्पालापण वाचून दाखवलं. तो म्हणाला, बाईनं वकील व्हायला पाहिजे होतं. मी हो म्हटलं आणि मागं जाऊन बसलो. तुझ्या त्या साहेबानं ढेकूळ उलटून खालचं बघितलं, तसं माझंही कुणीतरी उलटून बघावं असं झालं. म्हणून मीच सांगतो.

तुझं कार्ड गुरुवारी आलं असं मी लिहिलं, ते खोटं. मंगळवारी दुपारीच आलं होतं. दोनदा वाचलं. ट्रक बुधवारी पहाटे निघायचा होता, संगप्पाला एक शब्द टाकला असता तरी पुरलं असतं. नाही टाकला. मनात आलं, ढिगारा गेला की दावा गेला, दावा गेला की घर गेलं, मग महानंदा येईलच. तुझं भलं करतोय असं मी स्वतःला सांगत होतो. भलं कुणाचं?

तुझी वहिनी शांतम्मा गेल्यापासून या घरात माणसाचा आवाज नाही. जेवतो म्हणून लिहिलं, तेही खरं नाही. एक वेळ खाणावळीतून डबा येतो, तो जेवताना समोर रेडिओ लावून ठेवतो, कुणीतरी बोलत असावं म्हणून. तुझं घर पडलं हे वाचून आधी जीव घाबरला आणि लगोलग बरं वाटलं. बहिणीचं घर पडलं, माझ्या धाकट्या तंगेव्वाचं, आणि मला बरं वाटलं. सख्ख्या बहिणीचा आधार मोडायला मी माणसं धाडली आणि वर तुझ्यावरच रागावलो.

तुला तोंड दाखवायची लाज वाटते. तू घर बांध. चांगलं बांध. मी पुन्हा यायचा आग्रह करणार नाही. जमलं तर मनातून काढून टाक, नाही जमलं तरी माझी तक्रार नाही.

तुझा अपराधी भाऊ,
रेवणप्पा

---

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
गुरुवार, ता. १६ जून १९७७

ती. रेवणप्पा अण्णांस,
महानंदाचा सा. न. वि. वि.

मला ठाऊक होतं.

संगप्पानं त्या बुधवारी भाकरी मोडता मोडता सांगितलं. मंगळवारी मालकांनी कार्ड वाचलं आणि गादीखाली सरकवलं. त्याला वाटलं मला माहीत असेल. ती माणसं गेल्यावर मी दार लावून रडले. भिंत पडली तेव्हा रडले नव्हते. तुमचा इतका राग आला की पुन्हा तुमचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी लिहायला बसले आणि हातानं टपालावर ढकललं. म्हटलं, अण्णांना सांगायचं असेल तेव्हा त्यांचं ते सांगतील. नसतं सांगितलंत तर मीही कधी विचारलं नसतं, पण ते सलत राहिलं असतं. तुम्ही सांगितलंत. आता नाही सलत.

खाणावळीच्या डब्याचं मात्र सलतंय. मी पत्रात विचारलं होतं, खरं लिहा म्हणून, आणि तुम्ही एका शब्दात उडवून लावलंत. मीही शहाणी, तेवढ्यावर विश्वास ठेवला आणि माझ्या भिंतीचंच घेऊन बसले. तुमच्या घराची कुठली भिंत पडली हे दोन वर्षांत मला दिसलं नाही. तेवढा दोष माझ्याकडं.

भिंत आता खांद्याइतकी झाली आहे, पक्क्या विटांची. वासे बाजूच्या भिंतींवर आहेत म्हणून पत्रे आधीच बसले, बोल्ट दुप्पट मारून घेतले. काल सात रस्त्याला जाऊन पुराची जोखीमसुद्धा घालून आले. पंचाक्षरी हसले.

सोप्यात तुमचा पलंग मावतो, मी टेपनं मोजून पाहिलं. दुकान पावसाळाभर सिद्धप्पा सांभाळील, तो तुमच्यापेक्षा बरा सांभाळतो असं सारं नातेपुतं म्हणतं. इथं दोन्ही वेळा गरम भाकरी आहे आणि बोलायला मी आहे. शरणम्मा तर इतकी बोलते की तुम्ही रेडिओ विसराल.

तुम्ही मला न्यायला येऊ नका, अण्णा. राहायला या.

वाट बघणारी,
महानंदा